उसना प्रसंग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट दुरुस्त करता येते का, हे मुलाखतीत कुणी विचारत नाही. विचारतात, "आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांगा."

भाचीच्या दोन नोकऱ्या या 'एखादा'नेच खाल्ल्या होत्या. ती ऑटिस्टिक. 'एखादा' म्हटलं की तिच्या आठवणींचं कपाट कुलूपबंद. नेमकी खूण सांगितली की सताड उघडं. दोन्ही वेळा ती गप्प बसली आणि समोरच्यांनी ठरवलं, हिला अनुभव नाही.

"माझा प्रसंग घेऊन जा," मावशी म्हणाली. "मी मांजरासकट लिफ्टमध्ये अडकले होते तो. सांगून सांगून गुळगुळीत झालाय, कुठे अडखळायची नाहीस."

तिसऱ्या मुलाखतीत भाची खरंच अडखळली नाही. "मग माझे यजमान वरून ओरडले, 'घाबरायचं नाही!' माझा गुडघा नुकताच बदललेला..."

साहेबांनी समोरच्या चोविशीतल्या मुलीकडे नीट पाहिलं. "गुडघा?"

"मावशीचा. यजमानही तिचेच."

"अहो, आम्ही तुमचा प्रसंग विचारला!"

"माझे असे मागितले की सापडत नाहीत. नेमकं काहीतरी विचारा."

शेजारच्या मॅडमना हसू आवरेना. "सर, सकाळपासून प्रत्येकाने तेच चिडलेलं गिऱ्हाईक शांत केलंय. हिने निदान मूळ मालकीण तरी सांगितली." मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "आमच्या लिफ्टनेच वर आलात ना? तिच्यावरून काही आठवलं?"

"दार मिटता मिटता परत उघडतं. मी शिकाऊ असताना एका दवाखान्यातल्या लिफ्टचं असंच करायचं. सगळे म्हणत होते, मोटर बदला. मी वाकून पाहिलं तर खालच्या खाचेत जांभळ्या कंगव्याचा दात. चिमट्याने काढला. मागे दवाखान्याचे मॅनेजर संत्रं सोलत होते."

"तेव्हा कसं वाटलं तुम्हाला?"

"संत्र्याचा वास येत होता."

साहेबांनी शिपायाला चिमटा आणायला पिटाळलं. लिफ्टच्या खाचेतून शर्टाचं बटण निघालं, आणि भाचीला नोकरी लागली.

बाहेर बाकावर मावशी मिरवायला टपूनच होती. "बघ, शेवटी माझाच प्रसंग कामी आला!"

"तो गुडघ्यातच अडकला. मावशी, मांजर कोणत्या रंगाचं होतं?"

"मांजर ना..." मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते शेजारीणबाईंना विचारायला हवं. म्हणजे... आत त्याच होत्या गं. मी वर, तुझ्या काकांच्या शेजारी उभी होते."

भाचीने मावशीच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"गुडघा मात्र माझाच हं," मावशी म्हणाली.