काठवटीत मुरलेला गहू

मित्रांनो, पीठ मळायला तुमच्या घरी स्टीलची परात असेल, नाहीतर बटण दाबलं की गरगर फिरणारं यंत्र असेल. तेव्हा माझी ओळख मलाच करून द्यावी लागणार. मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. एका सुताराने जाड खोडाचा एकच तुकडा पोखरून मला घडवलं. मला सांधा नाही की खिळा नाही. उचलायला दोन बाजूंना दोन कान तेवढे आहेत, आणि त्यातला एक जरा वाकडा आहे, कारण ते कोरत असताना सुताराला शिंक आली. हे तो स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायचा.

सुताराच्या शेजाऱ्याने बेकरी उघडली तेव्हा सुताराने मला त्याला भेट म्हणून दिलं. त्या घरातल्या माणसांना मी त्यांच्या लेकीच्या तोंडची नावं देते, म्हणजे तुमचा घोळ होणार नाही. बेकरी चालवणारे ते बाबा. आई म्हणजे आई. बाबांची थोरली बहीण, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, ती आत्या. आणि लेकीला सगळे मुंगी म्हणत.

बाबांनी मला तेल पाजलं, उन्हात ठेवलं आणि मग माझ्यात पहिलं गव्हाचं पीठ घातलं. काय सांगू तुम्हाला! पाणी पडलं, त्यांच्या तळव्यांनी जोर लावला, आणि बघता बघता ते भुसभुशीत पीठ रबरासारखं ताणलं जाऊ लागलं. बाबा त्याचा पातळ पापुद्रा करून उजेडासमोर धरायचे. "बघ, फाटत नाही!" म्हणायचे. त्या दिवशी जे पीठ माझ्या रेषांत शिरलं ते शिरलंच. लाकडाचं असंच असतं. आम्ही जे हाताळतो, ते थोडं थोडं पितोही.

पुढे बेकरीत पीठ मळायचं यंत्र आलं. दुकानाचा माल त्यात मळला जाई. पण घरचा पाव मात्र बाबा माझ्यातच मळायचे. बेकरीमागच्या दोन खोल्यांत घर होतं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ऐसपैस पसरलेली असे. मुंगी तान्ही होती तेव्हा एका दुपारी पाळण्याची दोरी तुटली. आईने माझ्यात दुलई घातली आणि तिला निजवलं. पिठाचा गोळा फुगताना उबदार होतो हे मला माहीत होतं. पण ही ऊब वेगळी होती. ती श्वास घेत होती.

मुंगी बोलायला लवकर लागली, चालायलाही लागली, पण वाढेचना. पोट ढोलकीसारखं आणि हातपाय काड्या. केस कोरडे, तोंडात सदा फोड. दिवसभर किरकिर करायची आणि शौचाला पळायची. तिच्यापेक्षा लहान पोरं उंचीने तिच्या पुढे गेली. लाडाने ठेवलेलं मुंगी हे नाव आता घरातल्यांनाच टोचू लागलं. एकदा एका गिऱ्हाइकाने पाव घेता घेता विचारलं, "बेकरीवाल्याची पोर आणि अशी उपाशी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की काय!"

बाबा तेव्हा हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यात पीठ असं मळलं की माझे दोन्ही कान हलले. त्यांनी त्यात दूध घातलं, लोणी घातलं, अंडं घातलं. गरम पावाचा मऊ गाभा काढून ते मुंगीला भरवायला बसले.

"एक घास बाबांचा."

"नको."

"अगं, आपल्याच घरचा पाव. तुझ्यासाठी केलाय."

ती घास तोंडात घ्यायची, बाबांचं लक्ष गेलं की काढायची आणि माझ्या बुडाखाली सारायची. एके दिवशी आईने मला उचललं तर खाली वाळलेल्या घासांची रासच निघाली. आई रागावली, "अन्नाला असं लाथाडतात का?" मुंगी रडत एवढंच म्हणाली, "ते मला आत चावतं." लहान मुलांचं बोलणं मोठ्यांना कोड्यासारखं वाटतं, मित्रांनो. पण ती कोडं घालत नव्हती. जे होत होतं तेच सांगत होती.

शेवटी रक्त तपासलं. मग घशातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि तोही तपासला. दवाखान्यात काय झालं ते आईने माझ्याशेजारी बसून आत्याला सांगितलं.

"सीलिअॅक म्हणतात याला, ताई. गव्हात चिकटा असतो ना, ग्लुटेन, तो जवात असतो, राय नावाच्या धान्यातही असतो. तो पोटात गेला की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. मग खाल्लेलं अंगी कसं लागणार?"

"मग औषध काय दिलंय?"

"औषध नाही. गहू बंद. जन्मभर."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी डॉक्टरबाईंना सांगितलं, बाहेरचं काही देत नाही हो मी तिला. घरचाच पाव देतो, माझ्या हातचा. त्या म्हणाल्या, त्यानेच होतंय." एवढं बोलून त्यांनी आपले हात खिशात घातले. इतकी वर्षं मी त्या हातांना ओळखत होते. त्यांना कुठेतरी लपावंसं वाटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि मला काय वाटलं? ज्या चिकट्यामुळे पीठ माझ्या कुशीत ताणलं जायचं, ज्याचं बाबांना एवढं कौतुक, तोच तिला आतून चावत होता. आणि तो माझ्या रेषारेषांत भरलेला होता.

आईने स्वयंपाकघर उपसायला घेतलं. पिठाची चाळणी गेली, लाकडी चमचे गेले, चिरा पडलेली फळी गेली. तवे नवे आले. माझ्यापाशी येऊन ती थांबली. बाबा म्हणाले, "हिला मी साफ करतो. थांब." त्यांनी मला उकळत्या पाण्याने धुतलं. मग मागच्या अंगणात नेऊन काचकागदाने घासायला लागले. बारीक भुकटी उडू लागली. मुंगी दारात उभी राहून बघत होती. आईने धावत येऊन तिला मागे ओढलं.

"अहो, ही भुकटी कसली आहे? लाकूड पीठ पितं. किती घासाल? आरपार भोक पडेल, तरी आत गहू उरेल."

काचकागद बाबांच्या हातातून गळून पडला. ते मला उचलून दुकानात घेऊन गेले. स्वयंपाकघरातला माझा मुक्काम संपला.

पण बेकरीमागच्या घरात पीठ हवेतूनही यायचं. म्हणून त्यांनी रस्त्यापलीकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. बाबा काम संपलं की दुकानातच अंघोळ करत, कपडे बदलत आणि मगच पलीकडे जात. मला गल्ल्यामागच्या फळीवर उभं केलं होतं. तिथून समोरची खिडकी दिसायची. मुंगी खिडकीत येऊन हात हलवायची, आणि बाबा पिठाने माखलेला हात हलवायचे. मला हात नाहीत. मी नुसती बघायचे.

ती सुधारत गेली. आधी किरकिर थांबली, मग गालांवर मांस आलं, मग खिडकीच्या चौकटीत ती वर वर सरकू लागली. मला आनंद होत होता, आणि वाईटही वाटत होतं. माझ्यापासून लांब गेली म्हणून ती वाढत होती. असा आनंद कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि आला तर त्याने तक्रार करू नये.

आत्याला मात्र ही सगळी थेरं वाटायची. "आमच्या वेळी नव्हती असली नाजूक पोटं. चिमूटभराने काय आभाळ कोसळतं?" असं ती गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. एका दुपारी बाबा माल पोचवायला गेले होते आणि मुंगी रस्ता ओलांडून दुकानाच्या दारात आली. पाव नुकताच भट्टीतून निघाला होता. ती दारातच उभी राहून वास घेत होती.

आत्याचा जीव कळवळला. तिने कुरकुरीत टोकाचा तुकडा मोडला. "एवढासाच खा. कुणाला सांगू नकोस." मी फळीवरून बघत होते. ओरडायला मला तोंड नव्हतं.

समोरच्या खिडकीत पुढचे काही दिवस कुणी आलं नाही. आई मात्र रस्ता ओलांडून आली. ती दारातच उभी राहिली आणि अगदी हळू बोलली. "ताई, ओकून ओकून तिच्या पोटात पाणीही ठरत नाही. तुम्ही तिच्यावर माझ्याइतकीच माया करता, म्हणून सांगते. पुन्हा कराल तर मी तिला इथून लांब घेऊन जाईन." आत्या गल्ल्यावर डोकं टेकून बसली. नंतर ती पलीकडे जाऊन आली, तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती बाबांना म्हणाली, "मी माफी मागितली रे तिची. तर पोरगी मलाच म्हणते, आत्या, रडू नको. पण तो तुकडा किती छान होता गं!"

बाबा उठून भट्टीपाशी गेले आणि भट्टीकडेच बघत उभे राहिले.

त्या दिवसापासून पलीकडच्या स्वयंपाकघरात त्यांची नवी धडपड सुरू झाली. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचा स्टार्च. पाव विटेसारखा तरी व्हायचा, नाहीतर वाळूसारखा सांडायचा. एक पाव आत्या हातात घेऊन म्हणाली, "हा वाया घालवू नकोस, दाराला अडसर होईल." कितीतरी दिवसांनी मी बाबांना हसताना ऐकलं. मग कुणीतरी त्यांना इसबगोल भिजवून घालायला सांगितलं. त्याने पिठाला धरून ठेवणारा बुळबुळीतपणा आला, आणि पाव उभा राहिला.

पण त्या पिठाचा गोळा होत नाही, मित्रांनो. ते सरसरीत असतं, चमच्याने ढवळून साच्यात ओतायचं. बाबा आत्याला म्हणाले, "मळावंच लागत नाही गं. माझे हात नुसते लोंबकळत असतात." मी ऐकलं आणि समजले. मी धुऊन स्वच्छ झाले असते, तरी त्या पावाला माझी गरज नव्हती.

मुंगीने आधीचे सगळे पाव नापास केले होते. हा मात्र चावून चावून खाल्ला आणि निकाल दिला, "तो पाव नाहीये हा. पण हा पण पाव आहे."

बातमी पसरली. एक म्हातारा पोस्टमन आला. त्यालाही हाच आजार असल्याचं उतारवयात कळलं होतं. आत्याने पलीकडून आणलेल्या पावाचा काप त्याने रस्त्यावर उभ्याउभ्याच खाल्ला आणि टोपी काढून डोळ्यांवर धरली. मग आया येऊ लागल्या, बाप येऊ लागले. घरचा ओव्हन पुरेना. एका छपराखाली दोन्ही पिठं नांदणार नाहीत हे तर सगळ्यांना पाठ होतं. बाबांनी ठरवलं. बेकरीतून गहू जाणार.

दुकान बंद ठेवून भिंती खरवडल्या, रंगवल्या, भट्टी आतून नवी बांधली. जुने साचे आणि जुनं यंत्र विकून टाकलं. मला आत्या म्हणाली, "तू चल माझ्याकडे. मला काही पोटाचं दुखणं नाही, आणि जुनी खोड जायची नाही."

मी निघाले त्या दिवशी मुंगी अंगणात आली. उंच झाली होती. हात पाठीमागे बांधून उभी राहिली. आईने तसंच शिकवलं होतं.

"बाबा, एकदा हात लावू?"

"लाव की. कातडीतून काही होत नाही. नंतर नीट धू म्हणजे झालं."

तिने आपला पंजा माझ्या मधोमध ठेवला. जिथे बाबांचे तळवे पडायचे तिथेच. मग नळापाशी गेली आणि साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, अगदी शिकवल्याप्रमाणे. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तिने एखादं नख जरी सोडलं असतं, तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आता मी आत्याच्या घरी असते. आत्याच्या मनगटांत पूर्वीचा जोर नाही. तरी ती मळते, मीही साथ देते. फक्त मुंगी येणार असली की आदल्या दिवशी गव्हाचं सगळं काम बंद होतं. आत्या ओटा धुते, फडकी बदलते आणि मला चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत कपाटावर ठेवते. जिची मी वाट बघते, तिच्या येण्याच्या दिवशीच मला आड व्हावं लागतं.

मित्रांनो, या जुन्या लाकडाचं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असं एखादं मूल असेल. ते "नको" म्हणालं तर "एवढंसं खाऊन बघ" म्हणू नका. त्याचा डबा त्याचाच राहू द्या. आणि त्याला एकट्याला बसवू नका. त्याला चालेल असं काहीतरी सगळ्यांनी मिळून खा.

कपाटावरून मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मुंगी दारातूनच विचारते, "आत्या, हात धुतलेस?" आत्या म्हणते, "धुतले गं बाई, पोलिसीण कुठली!" मग दोघी हसतात. बाबांचा पाव कापला जातो. तो पाव मी अजून जवळून पाहिलेला नाही. संध्याकाळी दार लागतं. आत्या स्टुलावर चढून मला खाली काढते, चादर सोडते आणि विचारते, "ऐकलास ना गं तिचा आवाज?"

तेवढ्यासाठी तर मी अजून तडकले नाही.