कागदबाबांची स्वर्गीय मोडी

मारुतीच्या देवळापुढं त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भरल्या दुपारी माणसं कोळपी शिवारात टाकून धावत आली होती. कारण कडेगावात कागदबाबा उतरले होते, आणि कागदबाबा म्हणजे काही साधीसुधी असामी नव्हे. मेलेली माणसं त्यांच्याकरवी घरी पत्रं धाडत. टपालखात्याला आजवर जे जमलं नाही, ते बाबांनी एका धुपाटण्यावर जमवलं होतं!

"धीर धरा, धीर धरा!" कपाळावर मोठा डाग असलेले बाबा कोरा कागद धुपाटण्याच्या निखाऱ्यांवर फिरवत ओरडत होते. "वाट खडतर हाय. वर ढगात गर्दी लय हाय. आलं, आलं, बिराप्पाचं पत्र आलं!"

आणि खरोखरच कोऱ्या कागदावर तपकिरी अक्षरं उमटू लागली. वळणावळणाची, जुनी मोडी. "येळकोट!" कुणीतरी आरोळी ठोकली. समोर बसलेली हरणाबाई धनगरीण पदर तोंडात धरून घळाघळा रडू लागली. सहा वर्षांपूर्वी गेलेला नवरा आज तिच्याशी बोलत होता.

बाबांनी डोळे मिटून पत्र वाचलं. "बिराप्पा म्हनतोय, बयाला गावची शीव ओलांडू दिऊ नगा. ओलांडली तर समदी मेंढरं रोगानं जातील. पोरगी मठात दे. बाबांच्या भाच्याशी लगीन लाव. कळप मठाच्या रानात चरंल."

हे ऐकणारे आकाराम मास्तर गर्दीच्या कडेला उभे होते. हरणाबाईची लेक बया त्यांची विद्यार्थिनी. धनगरवाड्यावरची पहिली मॅट्रिक झालेली पोर. साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि सोमवारी हजर झालं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

मास्तर पुढं सरसावले. दहा वर्षांमागं त्यांच्या वडिलांनी बुद्धाची वाट धरली, तेव्हापासून त्या घरात हात जोडण्याआधी प्रश्न विचारायची सवय होती.

"बाबा, बिराप्पा तर जन्मभर अंगठा उठवत होता. मोडी कवा शिकला?"

बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. "वर गेल्यावर समद्यांना येतं. आन् ही स्वर्गीय मोडी हाय मास्तर, तुमच्या शाळंतली न्हवं!"

लोक खदाखदा हसले. बाबांनी कागद लाल फडक्यात गुंडाळला. "देव्हाऱ्यात ठेव. दुसऱ्याला दावलास तर बिराप्पा कोपंल." पण तेवढ्या वेळात मास्तरांची नजर पहिल्या ओळीवरून फिरली होती. त्यांना मोडी येत होती, जरा अडखळत का होईना. पहिल्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, 'घोडियांस'.

मेंढरं राखणाऱ्या बिराप्पाला स्वर्गात घोड्याची आठवण कुठून आली? आणि ही ओळ आपण आधी कुठं वाचली आहे?

शुक्रवारी रजा टाकून मास्तर पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. तिथल्या नव्या विद्यापीठात जुन्या घोडदळाच्या पागांवर त्यांचा प्रबंध चालला होता. ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात त्यांच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या गेल्या होत्या. विभाग सांभाळणारे नानासो म्हणजे एक वल्लीच. दारातच शाईचं पेन काढून घेत आणि हातात पेन्सिल देत. हात धुऊन पुसल्याशिवाय कागदाला शिवू देत नसत. "मानसाला शिवा, कागदाला जपा," असं म्हणत स्वतःच गडगडून हसत.

पागेचे कागद ज्या कापडात बांधले होते तो सत्तावीस नंबरचा रुमाल नानासोंनी सोडला. तासाभरात पत्र सापडलं. 'पागेचे घोडियांस खरूज जाहली आहे. करंजाचे तेलात गंधक खलून लावणे.' मधोमध कसरीनं पाडलेलं वाटाण्याएवढं भोक.

मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. नानासो पोट धरधरून हसले आणि हसताहसता एकदम थांबले. "थांबा मास्तर. हा रुमाल तुमच्याआधी एकानं मागितला हुता."

रुमाल कुणी, कधी सोडला याची सही वहीत घेतल्याखेरीज तिथं चिंधीही हलत नसे. नानासोंनी वही उघडली. मागच्या उन्हाळ्यातली नोंद होती, 'गुंडा रामा, मु. उंब्रज, काम : झाडपाल्याची औषधं'. चार दिवस रोज येऊन पातळ कागदावर त्यानं हेच एक पत्र गिरवून घेतलं होतं.

"मी म्हनलं, वाचाय शिकवतो. तर म्हनतो कसा, वाचायचं न्हाई, नुसतं गिरवायचंय! कपाळावर हा एवढा डाग हुता बघा."

कागदबाबांच्या कपाळावरचा डाग मास्तरांना लख्ख आठवला. जाताना नानासोंनी पत्राची हुबेहूब नक्कल करून दिली, भोकासकट.

रविवारी दुपारी देवळापुढं पुन्हा गर्दी. मास्तर आधी हरणाबाईच्या आणि मग धोंडीबाच्या घरी गेले होते. धोंडीबालाही आज्याचं पत्र आलेलं. दोघं फडकी घेऊन आली खरी, पण सोडायला तयार नव्हती.

"मालक कोपला म्हंजे?" हरणाबाई फडकं छातीशी धरून म्हणाली.

"मावशे, बायकोनं आपलंच पत्र उघडलं म्हणून कुठला नवरा कोपतो?"

फडकी सुटली. मास्तरांनी दोन्ही कागद कट्ट्यावर शेजारी ठेवले आणि तिसरी ठेवली नानासोंची नक्कल. मोडी कुणालाच वाचायची गरज पडली नाही. तिन्हींत वळण न वळण तेच. आणि मधोमध तिन्हींत तीच वाटाण्याएवढी मोकळी जागा! "मूळ कागद इथं कसरीनं खाल्लाय," मास्तर म्हणाले.

"आँ?" धोंडीबा खेकसला. "माझ्या आज्याला आन् बिराप्पाला एकच कसर लागली व्हय रं?"

"दोघांनी लिहिलंय ते घोड्याच्या खरजेचं औषध," मास्तर म्हणाले. "गुंडाभाऊ, पुढची ओळ तुम्ही वाचा."

खरं नाव ऐकताच बाबांचा चेहरा पडला. मास्तरांनी बाबांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू पिळलं. काडीनं वहीच्या पानावर रस लावून लिहिलं, उन्हात वाळवलं. पान कोरं! मग ते त्यांनी त्याच धुपाटण्यावर धरलं. लिंबाचा रस तापला की करपतो, बस्स, एवढाच चमत्कार. तपकिरी अक्षरं उमटली आणि बयानं ती मोठ्यानं वाचली, "ह्यात देव नाही, लिंबू आहे."

हास्याचा असा गडगडाट झाला की देवळावरची कबुतरं उडाली. त्या गडबडीत बाबा धुपाटणं टाकून सटकत होते, पण धोंडीबानं त्यांचं मनगट धरलं आणि पोलीसपाटलाकडं नेलं.

हरणाबाई मात्र हसली नाही. हातातल्या कागदाकडं पाहत म्हणाली, "म्हंजे मालक बोललंच न्हाईत?"

लबाडी उघडी करणं सोपं होतं, या बाईला उत्तर देणं फार अवघड. "नाही मावशे. गेलेलं माणूस कागदावर येत नाही. पण जिवंतपणी काय बोललं, ते तर तुला ठाऊक आहे."

ही गोष्ट ऐकणाऱ्या बाया-बापड्यांनो, कोऱ्या कागदावर अक्षर उमटलं तर हात जोडा, पण आधी ते वाचून घ्या. स्वतःला येत नसेल तर जाणत्याला विचारा. सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे हे बघा, आणि 'दुसऱ्याला दाखवू नको' असं कुणी बजावलं तर ते सगळ्यात आधी चव्हाट्यावर आणा. खरं असेल ते उजेडाला भीत नाही.

हरणाबाईनं डोळे पुसले.

"व्हय. मालक म्हनायचं, मी मेंढरं मोजली बोटावर, माझी पोर मोजंल वहीत." आणि बयाकडं वळून ती खेकसली, "बघतीस काय भवाने? ट्रंक भर! सकाळची पयली गाडी हाय."