अर्धं घमेलं

"मी आत येणार नाही! तुम्हीच बाहेर या आणि माझे पाय बघा!"

चर्चच्या पायरीवर उभी राहून कांदेवाली ओरडत होती, आणि माझा नवरा आत बसून पवित्र शास्त्रात खुणेच्या चिठ्ठ्या घालत होता. रविवारची सकाळ. घंटा अजून व्हायची होती.

मी पाळकाची बायको. म्हणजे चर्चची झाडलोट माझी, प्रभुभोजनाचे पेले घासायचे मी आणि मंडळीची बोलणी खायची तीही मीच. नवऱ्याच्या वाट्याला फक्त नम्रता. ती मात्र एवढी, की शेजारच्या शेळीनं आमचा सगळा मुळा फस्त केला, तेव्हा हा माणूस शेळीच्या मालकाला म्हणाला, "माफ करा हं, आमचं कुंपणच जरा ठेंगणं होतं." त्या दिवशी मी दोघांनाही उपाशी ठेवणार होते, नवऱ्याला आणि शेळीला. शेळीचं पोट आधीच भरलेलं होतं.

तो बाहेर आला तोच हात जोडून.

"काय झालं, बाई?"

"आधी पाय बघा."

त्यानं पाहिले. पायरीवर जमलेल्या सगळ्यांनीच पाहिले. धुळीनं पांढरे पडलेले, टाचा फुटलेल्या, ठणठणीत कोरडे.

"आज माझी पाण्याची बारी आहे. पहाटेपासून दुपारी बारापर्यंत. बारीच्या दिवशी मी गुडघाभर चिखलात दिसायला पाहिजे की नको? आणि पाटात टिपूस नाही! वरच्या अंगाला तुमच्या चेअरमननी बांध फोडलाय. माझं पाणी त्यांच्या शेतात चाललंय. तिकडे जायच्या फाटकाला कुलूप, आत दोन कुत्री मोकळी सोडलीत. किल्ली त्यांच्या खिशात. तेवढी मागून द्या, बाकीचं माझं मी बघते."

नवरा गेल्यापासून ही बाई एकटीनं तो तुकडा कसते. त्या उन्हाळ्यात पाट पंधरा दिवसांनी एकदा यायचा. तिच्या कांद्याच्या पाती टोकाला पिवळ्या पडल्या होत्या, वाफ्यांना भेगा गेल्या होत्या. आजचं पाणी चुकलं तर पुढच्या बारीला तिनं पाजायचं कुणाला? हे शेतातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या नवऱ्याला सांगावं लागतं.

तेवढ्यात चेअरमन आले. चर्च कमिटीचे चेअरमन म्हणजे गिरणीवाले. गावाचं पीठ त्यांच्याकडे दळायचं, चर्चचा पहिला बाक त्यांचा, आमच्या घराचं छप्पर गळणार की राहणार तेही त्यांच्याच मर्जीवर. पाळक किती दिवस ठेवायचा हेही तेच ठरवत. पांढरा शुभ्र सदरा आणि पायात काळे बूट घालून ते पायऱ्या चढले.

"घुशीनं फोडला असेल बांध," ते म्हणाले. "मी आठवडाभर त्या बाजूला फिरकलेलो नाही. हवं तर आत जाऊन शपथ घेतो."

"मग किल्ली द्या की!"

"आज प्रभूचा दिवस, बाई. मी रविवारी शेताचं नावसुद्धा काढत नाही. गड्यांनाही सुटी दिलीय. आराधना होऊ दे, मग बघू."

"तुझ्या तोंडात माती पडो! ढोंगी मेला!"

"ऐकलंत?" गिरणीवाल्यांना याचीच वाट होती. "ऐकलंत, पाळकसाहेब? चर्चच्या दारात शिवी! हिनं माफी मागितल्याशिवाय हिला प्रभुभोजन दिलंत, तर मी कमिटीचा राजीनामा देतो."

त्यांनी राजीनामा दिला असता तर मी गावभर साखर वाटली असती. पण माझा नवरा तिच्याकडे वळला आणि त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला,

"बाई, तुम्ही लहान व्हा. माफी मागून टाका. नम्र झालं म्हणून माणूस हरत नाही. आराधनेनंतर आपण सगळे मिळून जाऊ आणि बांध बघू."

"आराधना किती वेळ चालेल?"

"आज पाय धुण्याचा विधी आहे. जरा लांबेल."

"म्हणजे माझी बारी संपली की तुम्ही येणार." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "पाळकसाहेब, चोरी त्यांनी केली आणि लहान मी व्हायचं? अजून किती लहान होऊ? चिलटाएवढी झाले तर दिसेन तरी का तुम्हाला?"

त्यानं मान खाली घातली आणि आत गेला. मी त्याच्या मागोमाग शिरले आणि कपड्यांच्या खोलीत त्याला गाठलं.

"किल्ली मागायला तुमची जीभ झडली असती?"

"भांडणानं बांध दुरुस्त होत नाही."

"आणि प्रवचनानं होतो?"

"आधी मनं मऊ झाली पाहिजेत."

"कांदे करपतायत तिकडे! तुमची ही नम्रता नाही, भीती आहे. छपराची भीती, बदलीची भीती. तिला झगा घालून उभं केलं म्हणून ती नम्रता होत नाही."

झग्याच्या गुंड्या त्यानं दोनदा चुकीच्या काजात घातल्या. मला वाईट वाटलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि मी तो राग तसाच घेऊन पहिल्या बाकाच्या मागे जाऊन बसले.

पाय धुण्याचा विधी आमच्याकडे वर्षातून एकदा असतो. पाळकानं गुडघ्यावर बसून मंडळीचे पाय धुवायचे, म्हणजे मोठेपणाची हवा उतरते, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण मंडळी घरूनच पाय घासूनपुसून येते. बायका दगडानं टाचा घासतात, पुरुष नखं कापतात, पोरांना आदल्या रात्री बादलीत बसवतात. पाळकानं धुवायला काही उरू नये याची सगळा गाव डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. त्यातही गिरणीवाल्यांचे पाय म्हणजे बघण्यासारखे. सुवासिक साबणानं धुऊन, नव्या चपला घालून येणार, सगळ्यांच्या आधी खुर्चीवर बसणार आणि पाय असे पुढे करणार, की पाळकालाच उपकार वाटावेत.

प्रवचन नम्रतेवरच होतं. कशावर असणार दुसरं? नवरा म्हणाला, "नम्रता म्हणजे आपण खाली बसणं नव्हे. नम्रता म्हणजे दुसऱ्याला वर बसवणं." वाक्य चांगलं होतं. गिरणीवाल्यांनी इतकी मान डोलावली की मला वाटलं, निखळतेय आता. बाकी मंडळी तोंडात गुळणी धरून बसली होती. बांध कुणी फोडला हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला उद्या दळण दळायचं होतं. दारात कांदेवाली उभी होती. बसली नाही, गेलीही नाही. ऊन पायरी चढून तिच्या टाचांपर्यंत आलं होतं, आणि त्या उन्हाबरोबर तिचं पाणी दुसऱ्याच्या शेतात मुरत होतं.

मग मी घमेलं आणलं. माझंच, कपडे भिजवायचं. चर्चकडे तेवढंच एक भांडं नाही. एका हातात पाण्याचा जग आणि खांद्यावर टॉवेल घेऊन मी नवऱ्याच्या बाजूला उभी राहिले. तो झगा सावरून खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सवयीनं पहिल्या बाकाकडे पाहिलं.

गिरणीवाले जागचे हलले नाहीत.

"या ना," नवरा म्हणाला.

"नको, पाळकसाहेब." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आज मी मागे राहतो. मी लायक नाही."

चर्चमध्ये एकदम कुजबूज झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, "बघा, एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही." माझ्या नवऱ्याचे तर डोळे भरून आले. आपलं प्रवचन कुणाला तरी लागलं, या आनंदात तो गुडघ्यांवरच सरकत सरकत पहिल्या बाकापर्यंत गेला. मागोमाग घमेलं घेऊन मी.

"लायक कुणीच नसतं, दादा. मी तरी कुठे आहे? पाय द्या."

"नको म्हणतो ना मी!"

"असं कसं? तुमच्यापासूनच सुरुवात करायची."

त्यानं बुटाची नाडी सोडली. मनात काही ठेवून नव्हे. खरंच सांगते, त्याच्या डोक्यात पापही नव्हतं आणि अक्कलही नव्हती. गिरणीवाल्यांनी पाय मागे ओढला, यानं प्रेमानं पुढे ओढला. पाय मागे, पाय पुढे, असं दोनदा झालं आणि बूट फसकन् निघून माझ्या नवऱ्याच्या हातात आला.

मोजा काळा झाला होता. घोट्यापर्यंत ओला चिखल, टाचेला चिखल, विजारीची कड आत दुमडलेली आणि तिच्यातही चिखल. बाहेर रस्त्यावर पाचोळा कडकडत होता. त्या दिवशी सगळ्या शिवारात ओली माती एकाच ठिकाणी होती. गड्यांना सुटी देऊन हा माणूस पहाटे स्वतः फावडं घेऊन गेला होता, आणि घरी जाऊन पाय धुवायला त्याला वेळ उरला नव्हता.

नवऱ्याच्या खांद्याआडून ते मला दिसलं, पहिल्या दोन बाकांना दिसलं. मागच्यांना अजून काही कळलं नव्हतं. नवऱ्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. मी त्याला चांगली ओळखते. तो टॉवेल त्या पायावर टाकणार, झाकणार, वर स्वतःच माफी मागणार, हे मला स्वच्छ दिसलं.

"दारात बघा," मी हळूच म्हणाले. "तिचे पाय कोरडे आहेत अजून."

त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉवेल माझ्या खांद्यावर परत ठेवला आणि म्हणाला, "पाणी ओत."

मी ओतलं. त्यानं मोजा काढला आणि तो पाय धुतला, बोट न् बोट, घाई न करता. दुसरा बूट काढला, दुसराही पाय धुतला. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं, मग काळं झालं. लोक बाकांवरून उठून बघायला लागले.

"हा चिखल कुठला, दादा?" आवाज तोच होता, मऊ. "तुम्ही आठवडाभर तिकडे फिरकला नाहीत ना?"

"पाळकसाहेब, तुम्ही कुणाशी बोलताय याचं भान ठेवा."

"ज्याचे पाय माझ्या हातात आहेत त्याच्याशी बोलतोय. किल्ली द्या."

"सगळ्यांसमोर माझा अपमान करता?"

"किल्ली द्या, दादा. मी गुडघ्यांवर बसून मागतोय. अजून किती खाली बसू?"

गिरणीवाल्यांनी मंडळीकडे पाहिलं. सगळे त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फरशीवर भिरकावली.

कांदेवाली दारातून सरळ आत आली. तिनं किल्ली उचलून कमरेला खोचली. मग खाली वाकून तिनं माझं घमेलं दोन्ही हातांनी उचललं.

"अहो, ते कुठे नेता?" मी म्हणाले.

"ह्यातला चिखल माझ्या पाण्याचा आहे," ती म्हणाली आणि थेंब न सांडता चर्चच्या मधल्या वाटेनं निघून गेली.

तिच्यामागे आधी लोहार उठला, मग त्याची बायको, मग अर्धी मंडळी. घासून लखलखीत केलेले सगळे पाय त्या दिवशी घोट्याएवढ्या चिखलात शिरले. कुत्र्यांना लोहारानं आवरलं, बांध बांधायला माझा नवरा झगा खोचून उतरला. उरलेली अर्धी मंडळी गिरणीवाल्यांजवळ बसून राहिली. त्यांतल्या कुणी त्यानंतर आम्हाला नमस्कार केला नाही. आमचं दळण गिरणीत सगळ्यांच्या शेवटी लागायला लागलं, आणि आलं तर त्यात खडे यायला लागले.

बारा वाजता पाणी पुढच्या शेताला गेलं. कांदेवालीचे अर्धे वाफे भिजले होते. अर्धे तसेच राहिले.

कांदे निघायच्या सुमारास आमच्या बदलीचं पत्र आलं. भरल्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या माणसाचा बूट ओढून काढल्याची तक्रार कमिटीनं वर केली होती. कारण म्हणून लिहिलं होतं: पाळकांच्या अंगी नम्रता नाही. नवऱ्यानं ते मला वाचून दाखवलं आणि हसायलाच लागला. हसता हसता खोकला लागला, मी पाणी आणून दिलं. लग्न झाल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी टेंपोत सामान भरत होतो. निरोपाला लोहार आला, दोन म्हाताऱ्या आल्या. सगळ्यांत शेवटी कांदेवाली आली. तिच्या डोक्यावर माझं घमेलं. इतके दिवस तिनं परत केलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. तिनं ते नवऱ्यापुढे ठेवलं. आत कांदे होते. निम्म्यापर्यंतच.

"अहो, कशाला?" नवरा हात जोडायला लागला. "तुमचंच नुकसान झालंय. आम्ही काही केलं नाही."

"केलंत की. उशिरा केलंत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पायरीवर तुम्हाला पाय दाखवले तेव्हाच किल्ली मागितली असती, तर घमेलं भरून दिलं असतं."

मी तिला चांगलं सुनावणार होते. एवढं सगळं तिच्यापायी झालं, राहतं घर गेलं, आणि वर ही आमच्याच दारात येऊन मापं काढते! पण नवऱ्यानं जोडलेले हात सोडले.

"बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "आमचे एवढेच होतात."

ती गेली. लोहार घमेलं टेंपोत मागे ठेवायला लागला, पण नवऱ्यानं ठेवू दिलं नाही. सगळा रस्ता तो ते मांडीवर घेऊन बसला होता.