वीतभर खाली

डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी ओरिन हॅगर्टी सव्वीस वर्षं अर्ज करत होता. दर उन्हाळ्यात सोडत निघायची आणि दर उन्हाळ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव यायचं. सदुसष्टाव्या वर्षी त्याचं निघालं. एवढ्या वर्षांनी लागलेला परवाना म्हटल्यावर सॅमन गावातल्या कुठल्याही माणसाने निदान शेजारच्या चार घरांना सांगितलं असतं. ओरिनने पत्र वाचलं, फ्रिजवर चुंबकाखाली बायकोच्या एल्क हरणाच्या परवान्याशेजारी अडकवलं आणि मुकाट्याने बटाटे सोलायला बसला.

तो गप्प का, हे त्याच्या बायकोला, डार्लीनला, ठाऊक होतं. ते ठाऊक असलेली ती एकटीच होती, आणि तेच तिला दोन वर्षं खात होतं.

शनिवारी दोघं मर्लच्या दुकानात गेली. मर्ल बंदुका दुरुस्त करायचा, नव्या बांधून द्यायचा आणि विचारलं नसतानाही मत द्यायचा. ओरिनची जुनी रायफल दुर्बिणीसकट साडेचार किलोची. मेंढे राहतात त्या कड्यांवर घोडासुद्धा जात नाही, आणि ओरिनचे गुडघे जिना चढतानाच कुरकुरतात. म्हणून हलकी रायफल हवी होती. तिथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडलं कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर.

"तीनशे मॅग्नम," ओरिन म्हणाला. "आहे तेच. फक्त हलकं."

मर्लने चष्मा कपाळावर चढवला. "अरे, साडेचार किलोच्या रायफलीत ती तीनशे तुला इतकी वर्षं बुकलतेय. अडीच किलोत घालून दिली तर खेचराची लाथ बरी म्हणशील. ही बघ." त्याने भिंतीवरची एक सडसडीत रायफल काढली. "सात मिलिमीटर. छोटं काडतूस, निम्मा धक्का. मेंढा काय गेंडा आहे?"

"छोटी गोळी नको."

"का नको?"

"मोठी गोळी चूक पोटात घालते."

"कुठलीच गोळी चूक पोटात घालत नाही, ओरिन. आणि तू कधीपासून चुकायला लागलास? डार्लीन, सांग की याला काहीतरी. काडतुसं शेवटी तूच भरणार आहेस."

डार्लीनने काउंटरवरचा एक स्क्रू उचलला, पाहिला आणि परत ठेवला. "तो म्हणेल ते भरीन," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

गेली एकतीस वर्षं ओरिनने दुसऱ्या कुणाची काडतुसं वापरली नव्हती. कपडे धुण्याच्या खोलीत वॉशिंग मशीनला लागून तिचं टेबल होतं. त्यावर काडतुसं भरायचं यंत्र, छोटा तराजू, बारुदाचा डबा. वापरलेल्या पुंगळ्या पुसायच्या, प्रत्येकीत मोजून बारूद घालायचा, वर गोळी बसवायची, खोक्यावर तारीख लिहायची. ओरिन त्या खोक्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा. लोक बायकोच्या हातच्या भाकरीबद्दल बोलतात, तसा तो तिच्या काडतुसांबद्दल बोलायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आंघोळ करून आलेल्या ओरिनचा उजवा खांदा तिने पाहिला. निळाजांभळा, काखेपर्यंत. "लहान कॅलिबर घे की रे," ती म्हणाली. "घेतो, आणि त्यावर फुलंही रंगवून घेतो," तो म्हणाला. पुरुषांना काही सांगायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. म्हणून तिने न सांगताच केलं. त्या वर्षीच्या खोक्यातल्या प्रत्येक काडतुसात बारूद थोडा कमी घातला. धक्का कमी बसेल, खांदा वाचेल, याला कळणारही नाही.

कळलंही नाही. शिकारीआधी शंभर पावलांवर एकच गोळी मारून बघायची त्याची रीत होती, कारण ती रायफल वीस वर्षांत कधी हलली नव्हती. शंभर पावलांवर असा कितीसा फरक पडणार? "बसली!" तो म्हणाला, आणि खांदा चोळत हसला, "बघ, यंदा दुखतसुद्धा नाही. तरुण होतोय मी." तीही हसली. त्या हसण्याची तिला आजही लाज वाटायची.

मग एकोणीस ऑक्टोबर. साडेतीनशे पावलांवर एक थोराड एल्क नर उभा होता. ओरिनने नेहमीसारखा नेम धरला, पण गोळी खाली लागली आणि एल्क लंगडत झाडीत शिरला. दोन दिवस ओरिन गुडघे टेकत रक्ताचे थेंब शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग पुसला गेला. त्या खोऱ्यात एक रीत आहे, कायद्यात नसलेली: ज्याचं रक्त तू काढलंस ते जनावर तुझं, हाती लागो न लागो. ओरिनने चाकू काढला आणि मारलेल्या जनावरासाठी कापतात तशी आपल्या परवान्यावरची तारीख कापली; तारीख कापली की त्या वर्षीची शिकार संपली. घरी येऊन रायफल कपाटात ठेवली.

"हात गेला माझा," तो म्हणाला होता. "चाप ओढताना दचकलो असणार. मला कळलंही नाही."

त्याच आठवड्यात डार्लीनने पेन्सिल घेऊन गणित मांडलं. कमी बारूद, साडेतीनशे पावलं. गोळी वीतभर खाली. बरोब्बर वीतभर. तिने कागद चुलीत घातला आणि उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. त्या उद्याला दोन वर्षं झाली.

"हे बघ," ओरिनने त्या एल्कचं, दचकल्याचं सांगून टाकल्यावर मर्ल म्हणाला, "वाद नको. मागे चला. दोन्ही मारून बघ."

दुकानामागे टेकडीच्या पोटात त्याने चांदमारी केली होती. तो म्हणाला, "रायफल मी भरून देणार. तू बघायचं नाहीस. कधी खरं काडतूस असेल, कधी पोकळ. खऱ्याला रायफल स्वतःच उसळते, तेव्हा माणूस दचकला की नाही कळत नाही. पोकळ काडतूस आलं की नुसता टक्‌ आवाज होतो, आणि दचकणाऱ्याची नळी त्या टक्‌लाही उडते. तिथे सोंग चालत नाही."

ओरिनने मान डोलावली. मग डार्लीनकडे न बघता म्हणाला, "दचकलो तर परवाना परत पाठवतो. आणखी एक जनावर असं झाडीत मरायला सोडणार नाही मी."

तो आधी सात मिलिमीटरची घेऊन बाकावर बसला. डार्लीन त्याच्या मागे उभी होती. पहिला बार झाला, धूळ उडाली. मर्लने रायफल घेतली, पाठ फिरवून भरली, परत दिली. आणि त्या क्षणी डार्लीनच्या मनात आलं: दचकू दे. एकदाच दचकू दे, म्हणजे दोष त्याचाच ठरेल आणि मला कधीच काही सांगावं लागणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं वाईट तिने कुणाविषयी चिंतलं नव्हतं.

टक्‌.

नळी जागची हलली नाही.

पुन्हा बार. पुन्हा टक्‌. मग हलकी तीनशे घेतली. तिच्या एका बाराने ओरिन बाकासकट मागे सरकला, पण पुढच्या पोकळ काडतुसाला त्याची पापणीही लवली नाही. मर्लने सहा वेळा फसवून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

"अरे, हा हात म्हातारा कोण म्हणतो? दगड आहे दगड."

ओरिनने रायफल खाली ठेवली. आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काही होतं. "मग त्या दिवशी काय झालं?" तो म्हणाला. "मर्ल, मी नेम बरोबर धरला होता. मला आठवतंय."

"वारा असेल."

वाट आयती मोकळी झाली होती. डार्लीनने फक्त मान डोलवायची होती.

"वारा नव्हता," ती म्हणाली. "बारूद कमी होता. मी कमी घातला होता. तुझा खांदा बघवेना म्हणून. तुला न सांगता. गोळी वीतभर खाली जाणार होती, ओरिन, कुणीही मारली असती तरी. आणि मला हे दोन वर्षांपासून माहीत आहे."

मर्ल टेकडीकडे बघू लागला. ओरिन मात्र तिच्याकडेच बघत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग तो उठला, सात मिलिमीटरची सडसडीत रायफल उचलली. "ही दे, मर्ल. मोठी गोळी मला चूक झाकायला हवी होती." दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाला, "आणि या रायफलीची काडतुसं दे. कारखान्याची. एक खोका."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. मर्लने खोका कागदात गुंडाळून दिला, जणू तो तिला दिसू नये म्हणून.

घरी आल्यावर डार्लीनने फ्रिजवरचा आपला एल्कचा परवाना काढला, भाजीची सुरी घेतली आणि त्यावरची तारीख कापली. ओरिन दारात उभा होता.

"काय करतेस?"

"रक्त मी काढलं होतं. यंदा माझी शिकार झाली."

त्याने तिच्या हातातला परवाना घेऊन वाचला. "एकोणीस ऑक्टोबर," तो पुटपुटला. मग परवाना पुन्हा चुंबकाखाली लावला, वाकडा झाला होता तो सरळ केला आणि बाहेर गेला.

उन्हाळाभर तो मर्लच्या टेकडीवर जात राहिला. घरात बोलणं मीठ दे, मांजराला घातलंस का, एवढंच. डार्लीनने टेबलावर चादर घातली आणि त्या खोलीत फक्त कपडे धुतले. हेही आपणच ओढवून घेतलंय, असं ती मनाला बजावत राहिली. पण तेवढ्याने मन फारसं मानलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी ती पायमोजे जोडत असताना तो आत आला. त्याने चादर बाजूला केली आणि खिशातून एकेक करत वीस रिकाम्या पुंगळ्या टेबलावर रांगेत मांडल्या.

"कारखान्याची काडतुसं बरी आहेत," तो म्हणाला. "पण निशाणावर गोळ्या चार बोटं फाकतात. तुझ्या एका बोटात बसायच्या."

डार्लीनच्या हातात एकच पायमोजा राहिला होता.

"मेंढ्याच्या शिकारीला तीन आठवडे राहिलेत," तो म्हणाला. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गुडघा धरत बसला. "आणि डार्लीन, या वेळी पूर्ण भर. खांदा माझा आहे."

तिने तराजू पुसला आणि काटा त्याला दिसेल असा त्याच्याकडे वळवून ठेवला.