मेंढवाड्याच्या आत

"आत पाऊल टाकायचं नाही," दादा म्हणाला.

मेंढवाड्याच्या फाटकात तो आडवा उभा होता, काठी दोन्ही खांबांना टेकवून. फाटक माझं, मेंढवाडा माझा, आत व्यायला आलेल्या मेंढ्याही माझ्या. पण उभा तो होता.

"दादा, बाजूला हो. ती मेंढी पहाटेपासून कळा देतेय."

"म्हणूनच सांगतोय. तिला सुखानं विऊ दे."

वारा रात्रीपासून थांबला नव्हता. असा गार वारा, की डोळ्यांतून आपोआप पाणी यावं आणि लोकांना वाटावं, हा रडतोय. पायाखाली चिकणमाती झालेली, बूट उचलला की अर्धं शेत सोबत यायचं. दादाने शेजारच्या लोकर कातरणाऱ्या म्हाताऱ्यालाही बरोबर आणलं होतं. त्याला सगळे काका म्हणतात. काका कुंपणाला पाठ लावून, हात काखेत घालून उभा होता.

"मला कशाला आणलंस रे सकाळी सकाळी?" काका दादाला म्हणाला. "चहासुद्धा धड झाला नाही."

"साक्षीला आणलंय. उद्या हा म्हणायला नको, भावानं लुबाडलं." मग माझ्याकडे वळून दादा म्हणाला, "हे बघ, सरळ बोलतो. तुझी बायको होती तोवर तिनं निभावलं. आता ती नाही. यांना व्यायला मदत कोण करणार? तू? मेंढ्या माझ्याकडे येऊ देत. माझ्या मेंढवाड्यात वितील. तुला वर्षाची लोकर देईन, दूध देईन. उपाशी ठेवणार नाही."

"आणि मेंढ्या परत कधी देशील?"

"परत कशाला? पुढच्या वर्षी काय तुझे हात बदलणार आहेत?"

माझे हात काय आहेत ते आधी सांगतो, म्हणजे दादाचं बोलणं कळेल.

मी जन्मलो आणि आई गेली. दादा तेव्हा कळत्या वयाचा होता. वडील तोंडाचे कडू होतेच, त्या दिवसापासून माझ्यापुरते जास्तच कडू झाले. मला नाव होतं, पण घरात ते कुणी वापरायचं नाही. आईला खाऊन आलेला, पांढऱ्या पायाचा, असंच चालायचं. जेवायला बसलो की म्हणायचे, "अजून भूक आहे का? एक माणूस खाल्लंस की." लहानपणी मला वाटायचं, मी खरंच काहीतरी खाल्लंय आणि मला आठवत नाही.

मेंढ्या व्यायला लागल्या की मला कुंपणाबाहेर ठेवायचे. एकदा मी आत शिरलो. नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं, ओलं, थरथरणारं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. वडिलांनी पाहिलं. मला बडवलं, आणि माझा हात लागला म्हणून कोकरू उचलून विहिरीच्या थंड पाण्यानं धुतलं. संध्याकाळपर्यंत ते मेलं. सगळ्या घरानं माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्या हाताकडे पाहिलं. त्यानंतर व्यायला आलेल्या जनावराला मी कधी शिवलो नाही. चरायला नेणं, कुंपण बांधणं, शेण काढणं, सगळं केलं. पण वीण म्हटली की मी बाहेर.

लग्न झाल्यावर ही गोष्ट मी बायकोला सांगितली. वाटलं, लांबूनच वागेल आता. ती पीठ मळत होती. म्हणाली, "ओलं कोकरू वाऱ्यात थंड पाण्यानं कुणी धुतलं?"

"वडिलांनी."

"मग?"

"मग काय?"

"मग गारठून मेलं ते. तुमच्या हाताचा काय संबंध? एवढा मोठा मेंढपाळाचा मुलगा आणि एवढं कळत नाही?"

इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं. कळलं, पण आत उतरलं नाही. लहानपणी अंगात शिरलेली गोष्ट एका वाक्यानं निघत नाही. विणीची कामं तीच करत राहिली. बाह्या वर करायची, कोपरापर्यंत तेल लावायची, आणि मी कुंपणाबाहेरून विचारायचो, "झालं का?" ती आतून ओरडायची, "आत येऊन बघा की! मेंढी चावत नाही."

ती देवाला मानणारी होती. देवळात फार जायची असं नाही. झोपण्यापूर्वी पलंगाच्या कडेला बसून बोलायची, जसं घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. मेंढ्यांचं सांगायची, पावसाचं सांगायची, वहिनीच्या टोमण्यांची तक्रार करायची. शेवटी माझं नाव घ्यायची. मी कधी देवाकडे काही मागितलं नाही. मला भीती वाटायची, मी मागितलं तर उलटं होईल. हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती खूप चिडली. एरवी माझ्यावर कधी एवढी चिडायची नाही.

"तुमच्या हातानं मरण येतं म्हणता? मरण देणं हे कुणाचं काम आहे? देवापेक्षा मोठे समजता की काय स्वतःला?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"असंच म्हणताय. लोक तुम्हाला कमी लेखतात म्हणून तुम्ही रडता, आणि स्वतःला एवढं मोठं करून ठेवलंय, की तुमच्या पायानं माणसं मरतात! त्यानं तुम्हाला जन्माला घातलं ते काय चुकून? उरलेल्या मातीचा गोळा होता म्हणून?"

मी उठून मेंढ्यांना चारा टाकायला गेलो. तिचं पटलं होतं असं नाही.

या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटच्या दिवसांत तिनं माझा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. मी मागे घेतला. तिनं पुन्हा ठेवला. "मागा माझ्यासाठी," म्हणाली. "वाचले तर बरंच. नाही वाचले तर ते देवाचं आणि माझं. तुम्ही मध्ये घुसायचं नाही." मी मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. ती वाचली नाही.

तिला पोचवून आलो त्या दिवशी दारात वहिनी शेजारणीला म्हणत होती, "आधी आई, आता बायको. हा अजून जिवंतच." मला ऐकू जावं एवढ्या आवाजात.

तर असे माझे हात. आणि दादा फाटकात.

"बोल," तो म्हणाला. "का नेहमीसारखं गप्प बसतोस?"

आमच्या घरात माझं गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरून चालतात. वडिलांच्या माघारी वाटणी झाली तेव्हाही मी गप्प बसलो, ओढ्याकाठचं कुरण दादाकडे गेलं. आताही त्यानं काठी खाली घेतली, फाटकाची कडी काढली आणि काकाला म्हणाला, "बघितलंस ना काका? त्याची काही हरकत नाही."

तेवढ्यात आत मेंढी कण्हली. असा आवाज मी कुंपणाबाहेरून अनेकदा ऐकला होता. प्रत्येक वेळी तिच्याजवळ कुणीतरी होतं. आज कुणीच नव्हतं.

"हरकत आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हरकत आहे म्हटलं. मेंढ्या कुठंही जाणार नाहीत. मी आत जातोय."

दादा हसला. "तू? जा की. जा! काका, तू आहेस साक्षीला. पहिलंच कोकरू मरतं की नाही बघ. मग मी कळप हाकून नेतो, कुणाचं ऐकणार नाही."

मी त्याच्या अंगावरूनच आत गेलो. भिंतीच्या फळीवर तेलाची बाटली होती, बायकोनं ठेवलेली. बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत तेल लावलं, निम्मं गवतावर सांडलं. मेंढी कोपऱ्यात आडवी पडली होती, मान ताणलेली, दात आवळलेले.

मी देवाशी बोललो. भक्तीनं नाही, रागानंच. मनात म्हटलं, तिला नेलंस. मी मागूनसुद्धा नेलंस. मला तू चुकून घडवलं असशील तर आत्ता सांग, मी उठतो आणि फाटक उघडून देतो. पण सांगायचं असेल तर तू सांग. दादाच्या तोंडून नको, वडिलांच्या तोंडून नको. त्यांचं ऐकून झालंय माझं.

काहीच झालं नाही. मेंढीनं पुन्हा कळ दिली. ती देवाच्या उत्तराची वाट बघणार नव्हती. मी हात आत घातला.

आत ऊब होती. बाहेर एवढा वारा आणि आत एवढी ऊब, याचंच मला नवल वाटलं. एक पाय सापडला, दुसरा मागे दुमडलेला. डोकं वळलेलं. बायको कुंपणाच्या आतून मोठ्यानं सांगायची, काय करतेय ते, मी बाहेर नुसता उभा राहू नये म्हणून. सांगितलेलं सगळं कानात होतं. कळ थांबली की मागे ढकलायचं, पाय सरळ करायचा, कळ आली की ओढायचं. मी तसंच केलं. खूप वेळ लागला. शेवटी कोकरू गवतावर आलं.

मेलेलं होतं. डोळे खोल गेलेले, आणि मी पुसायला गेलो तर लोकर हातात सुटून आली. वासही येत होता. पोटातच मेलं होतं, आज नव्हे, चार-पाच दिवसांपूर्वी. दादा जन्माचा मेंढपाळ. त्यालाही ते फाटकातूनच कळलं होतं.

"झालं?" तो म्हणाला. "झालं समाधान?"

"हे आधीच मेलेलं आहे."

"आधी मेलं, पण कुणाच्या मेंढवाड्यात मेलं? जिवंत जन्मून मेलं असतं तर म्हणाला असतास वारा लागला. तू काहीही म्हण, मरतं ते तुझ्याचपाशी मरतं. आई मेली, बापाला सुख नाही, बायको मेली, आता हे." त्यानं फाटक सताड उघडलं आणि तोंडानं मेंढ्या हाकायचा आवाज केला. तीन-चार मेंढ्या उठल्या.

आजवर असं काही झालं की मी मनात म्हणायचो, खरंच आहे. आताही ते मनात यायची मी वाट बघितली. आलं नाही. मेलेलं कोकरू हातात होतं, वाईट वाटत होतं, त्या मेंढीसाठी फार वाटत होतं. पण ते माझ्यामुळे मेलं, असं काही केल्या वाटेना.

मी कोकरू खाली ठेवलं आणि फाटकात जाऊन उभा राहिलो.

"दादा, जीव घेण्याएवढा मी मोठा नाही."

"काय बोलतोयस?"

"ते काम देवाचं. आईला त्यानं नेलं. हिलाही त्यानंच नेलं. माझं त्याच्याशी भांडण आहे, ते मी भांडेन. पण त्याचं काम तू माझ्या नावावर घालू नकोस. आई माझीही गेली. तुला निदान तिचं तोंड आठवतं."

त्यानं मला थोबाडीत मारली. ओल्या हवेत फार जोरात लागली. काका कुंपणापासून पुढे आला. दादानं पुन्हा हात उचलला, पण मी मागे सरकलो नाही, हातही उचलला नाही, तेव्हा त्याला तो हात कुठं ठेवावा ते कळेना.

"फाटक लाव," मी म्हणालो. "मेंढ्यांना वारा लागतोय."

"नाही लावलं तर?"

"अरे लाव की!" काका मध्येच ओरडला. "व्यायला आलेल्या जनावरांना वाऱ्यात ठेवून कसली वाटणी करतोस? आणि साक्षीला मला पुन्हा बोलवू नकोस. त्याची हरकत आहे, हे मी कानानं ऐकलंय. विचारलं कुणी, तर तेच सांगेन."

दादाचं तोंड लाल झालं. "म्हातारा फिरला!"

"फिरलो नाही. मी आधीही तुझ्या बाजूनं नव्हतो, चहाच्या बाजूनं होतो."

दादानं फाटक एवढ्या जोरानं आपटलं, की वरची फळी खाली आली. "मर इथंच," तो म्हणाला. "माझ्या दारात पाणी मागायला येऊ नकोस. माझा भाऊ त्या दिवशी आईबरोबरच मेला असं समजेन." तो चिखलातून निघाला. बूट रुतत होते, म्हणून त्याला हवं तेवढं तडक जाता येत नव्हतं. तो पुन्हा माझ्याशी बोलेल असं मला वाटत नाही. वहिनी तर नाहीच नाही. काकानं पडलेली फळी उचलून जागेवर टेकवली आणि तोही चहाला गेला.

मी आत आलो. मेंढी मेलेल्या कोकराला चाटत होती. तिला चाटू दिलं. तिचं होतं ते.

पलीकडे दुसरी एक खाली बसली होती, तोंड वर करून, ओठ ताणून. मी हात धुतले, तेल घेतलं, तिच्या मागे गुडघ्यावर बसलो. या वेळी देवाला काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "तुझं तू बघ, माझं मी करतो."

हात आत घातला. दोन्ही पाय पुढे होते. मधोमध नाक लागलं बोटाला. जिवंत आहे की नाही, ते कळत नव्हतं. कळ आली. मी दोन्ही पाय घट्ट धरले आणि ओढायला लागलो.