बर्फाच्या पाण्याने भरलेला गोळा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा गोळा आहे. पोटात काही नाही, मानेजवळ एक तडा, आणि स्वभाव पहिल्यापासून चुळबुळा. भट्टीवाल्याने मला फुंकलं तेव्हाच मानेत एक बुडबुडा राहून गेला. "हे पोर सैरभैर निघणार," असं म्हणून त्याने मला गवतात गुंडाळलं. तिथून मी इंग्लंडातल्या एक्सिटर गावी आलो, लेस विणणाऱ्या थॉमसिनताईंच्या घरी.

तिथे मेणबत्ती एकच आणि तिच्याभोवती विणणाऱ्या बायका पाच-सहा. प्रत्येकीच्या मांडीवर विणायची उशी आणि पुढ्यात माझ्यासारखा पाण्याने भरलेला एक गोळा. मेणबत्तीचा उजेड पोटात घ्यायचा, एकवटायचा आणि बाईच्या बोटांवर नेमका सोडायचा, एवढंच आमचं काम. पण पाणी कसलंही चालत नसे. पडलेला बर्फ वितळवून, फडक्यातून गाळून, बाटल्यांत राखलेलं पाणीच आमच्यात घालायचं, हा त्या बायकांचा नेम. विहिरीच्या पाण्याला त्या नाकं मुरडत.

विणता विणता सगळ्या स्तोत्रं गात. सूर चढला की माझ्या पोटातलं पाणी थरथरे आणि उजेडाचा ठिपका धाग्यावरून निसटे. "अरे, नीट उभा राहा की! गाणं काय नाचायला लावलंय?" ताई मला दटावत. मी काय करणार? देवाचं नाव सुरात कानी आलं की मला स्वस्थ बसवतच नाही.

ताईंचा धाकटा भाऊ अँब्रोज. गावातल्या विद्वानांच्या मंडळाने त्याला प्रयोग दाखवायला नेमलं होतं, आणि हे बहीणभाऊ राहत त्या खोल्याही मंडळाच्याच. त्या सुमारास लंडनच्या एका विद्वानाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात इवल्या इवल्या खोल्या दिसल्याचं चित्रासकट छापलं. तुम्ही शाळेत पेशी शिकता ना, त्यांचं ते पहिलं दर्शन. ग्रंथ एक्सिटरला आला. मंडळाचे अध्यक्ष सर जोसलिन त्या चित्रावर बोट आपटून म्हणाले, "चित्रकाराच्या हाती लेखणी दिली की तो बुचात राजवाडासुद्धा काढील!"

"नाही साहेब, हे खरंच असणार," अँब्रोज बोलून गेला.

"मग दाखवा. येत्या बैठकीत आमच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर खोल्यांच्या किल्ल्या टेबलावर ठेवा आणि चालू लागा."

झालं! अँब्रोजच्या पायाला भिंगरी लागली. घास तोंडाशी नेई आणि तसाच ताटात ठेवी. बाहेर धुकं असं की सूर्य कुठे उगवतो तेही कळेना, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला की नुसता काळोख. शेवटी तो बहिणीपाशी आला. "ताई, तुझा गोळा दे."

"दे म्हणे! आणि मी काय काजवे बोलावू विणायला?" ताई म्हणाल्या, पण म्हणता म्हणताच मला आपल्या एप्रनने पुसून त्याच्या हातात दिलं.

आता आमच्या घरची एक रीत होती. थंडी पडली की संध्याकाळी गोळा रिकामा करायचा आणि पेंढ्याच्या टोपलीत निजवायचा. लेसवालीच्या घरचं शेंबडं पोरही हे जाणतं. पण अँब्रोजचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं? सकाळचा पहिला उजेड मिळावा म्हणून त्याने मला भरलेलाच खिडकीत ठेवला. पहाटे हिम पडलं. पोटातलं पाणी गोठत गोठत फुगू लागलं, आणि मानेतल्या त्या बुडबुड्यापाशी मी तडकलो.

"गाढवा, भरलेला ठेवलास?" ताई धावत आल्या. अँब्रोज जमिनीवरच बसला. "ताई, माझं घर गेलं. तुझंही घालवलं मी."

ताईंनी आपली काळी शाल ओढली, मला तीत गुंडाळलं आणि पोटाशी धरून बसल्या. ओठांवर स्तोत्र होतं. आतला बर्फ हळूहळू वितळला. मग त्यांनी तड्यात मेण भरलं. अँब्रोजही उठला. मिठाचं पाणी सहजी गोठत नाही हे त्याला आठवलं; त्याने बर्फाच्या पाण्यात मीठ विरघळवलं, पुन्हा पुन्हा गाळलं आणि मला भरलं.

त्याच शालीत गुंडाळून त्याने मला बैठकीला नेलं. ताई दाराबाहेर थांबल्या. मागे दिवा, मध्ये मी, पुढे पांढऱ्या बशीत बुचाचा पांढुरका काप आणि त्यावर सूक्ष्मदर्शक. मी जीव ओतून उजेड पाडला. सर जोसलिन नळीला डोळा लावून म्हणाले, "वा! दूध सांडलेलं दिसतंय." सगळे हसले. अँब्रोजने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मला गुंडाळायला शाल उचलली.

शालीला ताईंच्या लेसचं एक तुटकं टोक चिकटलं होतं. पांढऱ्या बशीत टाकलं असतं तर कुणाला दिसलंही नसतं. त्या काळ्या लोकरीवर मात्र त्याचा प्रत्येक धागा, प्रत्येक छिद्र स्वच्छ दिसत होतं. अँब्रोज त्याकडे बघतच राहिला. मग त्याने बशी बाजूला सारली, काप शालीवर ठेवला आणि नळीत पाहिलं. आणि तो बाजूला झाला.

सर जोसलिन वाकले. वाकलेलेच राहिले. "अहो... भिंतीला भिंत लागून आहे! आणि सगळ्या रिकाम्या. कोण राहत होतं इथे?"

नळीवरचा डोळा न काढता त्यांनी चाचपडत किल्ल्या शोधल्या आणि अँब्रोजकडे सरकवल्या.

"ताई, आत ये!" अँब्रोज ओरडला. ताईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काय जाळी विणलीय रे!" त्या हळूच म्हणाल्या. "हे विणताना देवापुढे दिवा कुणी धरला असेल?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटातलं पाणी जे हाललं, ते आजवर थांबलेलं नाही; पाणी कधीच गेलं, तरीसुद्धा.

ताई गेल्या, अँब्रोज गेला. पुढे कुणी माझ्यात फुलं ठेवली, कुणी बटणं. आता मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे. कधी सापडलो तर मला नुसतं पुसून कपाटात ठेवू नका. स्वच्छ पाणी भरा, मागे दिवा लावा. थंडी पडली की आठवणीने रिकामा करा. पुढ्यातली वस्तू पांढरी असेल, तर ती दिसत नाही म्हणून हसण्याआधी तिच्याखाली एक काळं फडकं घालून बघा.

आणि जमलं तर जवळ बसून कुणीतरी गा. मी थोडा हलेन. तेवढं सांभाळून घ्या.