उसनं गेलेलं विमान

मित्रांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही ज्याच्या पंखाखाली दप्तरं टाकून खेळायला पळता, ते मी एक जुनं विमान आहे. तुमच्यातला एकजण परवा म्हणाला, "ह्ये कधी उडतच नव्हतं. नुसतं शोभेला ठेवलंय." दुसरा म्हणाला, "आत इंजीन तर कुटं असंल?" इंजिन आहे. निम्मं आहे. बाकीचं कुठे गेलं ते आज सांगतो. ते ऐकून मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळ्या जोडून माझं धड तयार केलं. पंखांचा कणा हलक्या लाकडाचा. त्यावर सुती कापड ताणून बसवलं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं फासळीफासळीला शिवलं. मग त्या कापडावर डोप नावाचं रसायन चढवलं. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. ते वाळताना कापड आकसतं आणि हलगीच्या कातड्यासारखं ताठ होतं. विमान कापडाचं असतं हे ऐकून हसू नका. सोलापुरात राहून कापडाला हसू नये.

सत्तर साली, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती त्या दिवसांत, मी होटगी रस्त्याकडच्या या माळावर उतरलो. इथे मुरूम दाबून केलेली धावपट्टी होती, पत्र्याचं हे हँगर होतं आणि हौसेनं विमान चालवणाऱ्यांचा एक छोटा क्लब होता. जत्रेत पाळण्यात बसायला आलेली माणसं मला बघायला चालत इथवर आली. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं वाकून माझं पोट पाहिलं आणि विचारलं, "ह्याला वैरण काय घालता?"

"पेट्रोल पितंय," क्लबाचे मेकॅनिक सिद्धलिंगप्पा म्हणाले. "तुमच्या बैलापरीस गुणाचं हाय की. शेण टाकत न्हाय."

सगळे हसले. त्या दिवसापासून सिद्धलिंगप्पा मला बसवा म्हणू लागले. बसवा म्हणजे त्यांच्या देवाचा नंदी. ते अक्कलकोटकडचे होते. बोलता बोलता मराठीतून कानडीत जात आणि कुठलंही काम पुरं झालं की "आयतु!" म्हणत. झालं एकदाचं, असा त्याचा अर्थ. रोज सकाळी ते माझ्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरत. पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब असला तर तो तळाशी बसतो, आणि वर आभाळात तोच थेंब इंजिन बंद पाडतो. थंडीच्या दिवसांत ते माझ्या इंजिनावर घरची चादर टाकत. माझ्यावर इतकी माया करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, हेही मी आधीच सांगून ठेवतो.

बहात्तर साली रुद्राणीबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत. सायकलवरून येत, पदर घट्ट खोचत आणि मुकाट्यानं डाव्या खुर्चीत बसत. शेजारी गोपाळराव बसायचे. ते क्लबाचे शिक्षक. त्यांची जीभ माझ्या इंजिनापेक्षा गरम होती.

पहिल्यांदा स्वतःच्या हातानं उतरवताना बाईंनी मला जमिनीवर टेकवलं, मी उडी मारली, परत टेकलो, परत उडालो.

"बाई, विमान एकदाच उतरवायचं असतं," गोपाळराव म्हणाले. "तुम्ही तीनदा उतरवलंत."

"सराव जास्त झाला, सर," बाई म्हणाल्या.

हळूहळू त्यांचा हात बसला. पहाटे हवा थंड आणि घट्ट असते, तेव्हा मी त्यांना घेऊन सहज वर जाई. उन्हाळ्यात भर दुपारी हवा विरळ होते, मग तेवढाच वेग घेऊनही पंखांना पुरेसा आधार मिळत नाही आणि धावपट्टी संपत आली तरी चाकं सुटत नाहीत. बाईंना हे पुस्तकातून ठाऊक होतं. माझ्याबरोबर त्यांना ते अंगानं कळलं. वरून सिद्धेश्वराचं तळं आरशाच्या तुकड्याएवढं दिसे, गिरण्यांची धुराडी बोटाएवढी. बाई तेव्हा काहीतरी गुणगुणत. जमिनीवर त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नाही.

एकदा वादळी वाऱ्यात पत्रा उडून माझ्या डाव्या पंखाला लागला आणि वीतभर कापड फाटलं. ते बाईंनी शिवलं. सिद्धलिंगप्पा शेजारी बसून टाका कसा घालायचा ते दाखवत होते.

"अण्णा, ही गाठ सुटणार नाही ना?"

"तुमी मारलीया की. सुटायची टाप हाय व्हय तिची?"

ठिगळावर डोप वाळल्यावर बाईंनी बोटानं टिचकी मारली. टण्ण आवाज आला. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "अण्णा, लायसनची परीक्षा देईन ती ह्याच्यावरच. दुसरं कुठलं विमान मला नको."

"ऐकलास का रं बसवा? मी साक्षीला हाय बरं का," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

मीही ऐकलं. त्यानंतर मी त्याच एका दिवसासाठी जगत होतो.

मग क्लबाला दुसरं विमान मिळालं. माझ्याच घराण्यातलं, माझ्याच मापाचं, रंगानं तांबडं. माप एक होतं, हाच घात झाला.

तांबड्याचं उंची दाखवणारं घड्याळ महिन्याभरातच अडकलं. नवं मुंबईहून यायचं म्हणजे कधी येईल याचा नेम नाही. सिद्धलिंगप्पा पाना घेऊन माझ्याकडे आले.

"बसवा, तुझं घड्याळ उसनं नेतो रे. त्याचं दुरुस्त हून आलं की तुझं तुला."

घड्याळ निघालं तिथे एक गोल भोक राहिलं. त्याच्या शेजारी त्यांनी खडूनं 'उ' काढला.

"हा उ कसला?" गोपाळरावांनी विचारलं.

"उसनं, सर. विसराय नको म्हणून."

"वा! माणसांची झाली, आता विमानांची उसनवारी."

मित्रांनो, मला त्याचं काही वाटलं नाही. उसनं हा शब्द तुमच्या घरातला आहे. आई शेजारणीकडे वाटी पाठवते आणि पीठ आणवते. सिद्धलिंगप्पाच मला काम करता करता सांगत, "आमच्या घरात सपाट वाटी देत्यात. परत येताना ती शीग लावून येती. उसनं असंच फेडायचं असतंय. तुझं बी शीग लावून येणार बघ." शीग म्हणजे वाटीच्या काठावर चढलेली रास. माझं घड्याळ परत येईल तेव्हा त्यावर रास कसली चढलेली असेल, याचा मी रात्रंदिवस विचार करत असे. आता मला त्याचं हसू येतं.

घड्याळानंतर इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र उसनं गेलं. मग उजवं चाक गेलं आणि तिथे माझ्याखाली दगड आले. मग खुर्चीचे पट्टे, इंजिनाचे एकेक भाग. प्रत्येक रिकाम्या जागेशी एक 'उ'. पावसाळ्यात हँगर गळे, खडू पुसट होई, आणि सिद्धलिंगप्पा ती अक्षरं पुन्हा गिरवत. ते गिरवताना पाहून मला वाटे, यांना आठवण आहे. आठवण आहे म्हणजे एक दिवस सगळं परत येणार.

बाई आधी तांबड्यावर बसायला तयार नव्हत्या. गोपाळराव म्हणाले, "बसलेला हात जाईल तुमचा, सराव नसला तर. रुसून विमान चालवता येत नाही." मग त्या नुसत्या सरावापुरत्या बसू लागल्या. पण उतरल्यावर न चुकता माझ्याकडे येत, ठिगळावर टिचकी मारत आणि विचारत, "अण्णा, ह्याला कधी जोडायचं?"

"जोडू की. दिवाळी हू द्या."

दिवाळी झाली. संक्रांत झाली. आणि परीक्षा घेणारे साहेब मुंबईहून येणार असं कळलं. पुन्हा ते कधी येतील याचा भरवसा नव्हता. बाईंनी पास केलेल्या लेखी परीक्षेची मुदत संपत आली होती. ही संधी गेली असती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्यांच्या मुख्याध्यापिकाबाईंनी रजा देताना बजावलं होतं, "ही शेवटची. उडायचं काय, पाखरंही उडतात, त्याला लायसन लागत नाही." बाईंनी ते सिद्धलिंगप्पांना हसत सांगितलं, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी गोपाळराव तांबड्याचं इंजिन तपासत होते. ते मुरमावर उभं होतं. इंजिनानं जोर घेतला तसा एक खडा उडाला आणि नाकावरच्या लाकडी पंख्याला बसला. पंख्याचं टोक चिरलं. चिरलेला पंखा फिरताना समतोल राहत नाही. तो सगळं विमान हादरवून मोडतो.

सिद्धलिंगप्पा आणि बाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"दोन वाटा हाईत, बाई," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "ह्याचं समदं त्याच्यातनं काढून ह्याला परत लावायचं."

"किती वेळ लागेल?"

"लावायला चार-पाच दिस. मग मुंबईचा माणूस तपासून कागद दील तवाच उडायचं. ह्याचा कागद कवाच संपलाय."

"आणि दुसरी वाट?"

ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "ह्याचा पंखा त्याला. दुपारपातुर हुतंय."

बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या पंख्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखत होतो. पूर्वी तोच मला वर नेत असे. आता त्या नाही म्हणतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी शब्द दिला होता आणि त्या शब्दाला साक्षीदार होता. माझ्या अंगातलं सगळं गेलं होतं तरी मी अजून विमान होतो, कारण माझ्या नाकावर तो पंखा होता.

"काढा, अण्णा," बाई म्हणाल्या.

नट सुटू नयेत म्हणून बांधलेली तार सिद्धलिंगप्पांनी कापली. नट सैल झाले. माझा पंखा दोघांनी मिळून उतरवला आणि फडक्यावर ठेवला. "आयतु," ते म्हणाले, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. मग सवयीनं त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या नाकाशी नेला.

"नको, अण्णा."

"विसराय नको म्हणून की, बाई."

"हा परत येणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मग उ लिहून कुणाला फसवायचं?"

खडू तसाच हवेत राहिला.

"म्हंजी इतकी वर्सं मी फसवत हुतो म्हणा की."

"मी तसं नाही म्हटलं, अण्णा."

"तुमी न्हाय म्हटलं. खरं हाय म्हणून मीच म्हटलं."

दोघं पंखा घेऊन गेले. त्या दिवशी बाईंनी ठिगळाला टिचकी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँगरात उभा होतो आणि बाहेर परीक्षा चालली होती. तुम्हाला कधी दुसऱ्याच्या तोंडून आपला आवाज ऐकू आला आहे का? प्रत्येक पंख्याचा हवेत एक सूर असतो. तो लाकडावर, वजनावर, वळणावर ठरतो. तो माझा सूर होता. धावपट्टीवरून तो जवळ आला, चढला, माझ्या डोक्यावरून गेला. पत्रे थरथरले. चाकं टेकली तेव्हा मी मोजलं: एकदाच. बाई पास झाल्या होत्या. बाहेर टाळ्या वाजल्या. गोपाळराव ओरडले, "आज सराव कमी केलात, बाई!"

मी रागावायला हवं होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की त्या आता आत येतील. त्या आल्या नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली क्लब बंद झाला. तांबडं विमान दूरच्या एका क्लबाला गेलं. ते तिथवर नेऊन पोहोचवायचं काम बाईंनाच मिळालं, कारण त्यांच्याकडे लायसन होतं. माझं घड्याळ, माझं चाक, माझे पट्टे, माझी ठिणगी, माझा पंखा, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. जायच्या आधी त्या दारापर्यंत आल्या. कापडाकडे त्यांचा हात उचलला गेला आणि तसाच खाली आला. मग त्या वळल्या.

सिद्धलिंगप्पा त्या संध्याकाळी ओलं फडकं घेऊन आले. त्यांनी माझ्या अंगावरचे सगळे 'उ' एकेक करून पुसले. घड्याळापाशी, चाकापाशी, खुर्चीपाशी. "उगं खोटं कशाला ठेवू?" एवढंच म्हणाले. दिवसभर ते अंग पुसत बसले असते तरी मला चाललं असतं. त्यांनी फक्त खडू पुसला.

मित्रांनो, बाईंचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. सिद्धलिंगप्पा वाईट नव्हते. तरीही मी फसलो, आणि ज्यांनी मला सगळ्यात जास्त जपलं त्यांनीच मला फसवलं, हे मला रोज नव्यानं समजतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. वस्तू वापरायला नेलीत तर तिची निगा ठेवा आणि परत आणून द्या. आणि परत आणणार नसाल तर "उसनं दे" म्हणू नका. सरळ "दे" म्हणा. ज्याचं गेलं त्याला वाईट वाटेल, पण ते एकदाच. उसनं म्हणून नेलंत, तर तो रोज दाराकडे बघत बसतो. मी अजून बघतो, आणि या हँगरला तर आता दारही उरलेलं नाही.